पिवळे कागद, निळे ठिपके

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. शर्टाच्या खिशात सुपारीची खांडं साचतात, तसे ते साचत जातात. माझे बहुतेक एका पिवळ्या कागदाभोवतीचे आहेत. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पाऊस रुसलेला होता आणि मी द्राक्षबागांतली फवारणी तपासायच्या कामावर नवीन लागलो होतो.

कागद दोन बोटांएवढा. पाण्याचा थेंब पडला की तिथे निळा ठिपका उठतो. वेलीच्या पानांना कागद टाचायचे, फवारणी झाली की ठिपके बघायचे. औषध कुठे पोचलं ते कळतं. आमचे जाधवसाहेब हे कागद डब्यात, तांदळात पुरून ठेवत. सगळ्या जिल्ह्यात ओल शोधून सापडत नव्हती आणि आम्ही कागद ओलीपासून जपत होतो!

*

पहिल्या दिवशी मी कागद नुसत्या हातांनी लावले. निलंग्याकडच्या मल्लप्पांची अर्ध्या एकराची बाग, डोक्यावर ऊन, बोटांना घाम. साहेबांनी भिंगातून एकेक कागद निवांत पाहिला.

"कव्हरेज झकास आहे," ते म्हणाले. "फक्त ते तुझ्या अंगठ्याचं आहे."

तेव्हापासून कागद चिमट्यानंच धरायचा, असा नियम झाला. मल्लप्पांच्या घरच्या, गंगाबाई, बांधावर उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

*

पुढच्या खेपेला सगळे कागद निळेशार. साहेब खूश. मग त्यांनी शेजारच्या पानावरून बोट फिरवलं, तर धूळ तशीच.

"मल्लप्पा, हे काय?"

"सायब, तुमी एवढ्या लांबून कागद घिऊन येता. त्ये कोरडं ऱ्हायलं तर बरं दिसतंय का? एकेकाला धरून भिजवलं."

यावर साहेब काय रागावणार! त्या दुपारी आम्ही मांडवाखाली आडवे झालो. वर पानांतून हिरवा उजेड झिरपत होता, दूर कुणाचं तरी इंजिन घरघरत होतं आणि मला मात्र नदी ऐकू येत होती. मी साहेबांना तसं सांगितलं. ते डोळे मिटूनच म्हणाले, "मलाही."

*

तिसऱ्या खेपेला नोझल तपासायला दोन ड्रम साधं पाणी भरून ठेवलं होतं. गंगाबाईंनी ड्रमवर हात ठेवला.

"सायब, पानाला उद्या पाजा. आज बुडाला पाजू द्या."

साहेबांनी पंप बंद केला. आम्ही दोघांनी बादलीबादलीनं पाणी वेलींच्या बुडाशी घातलं. रिपोर्टात कव्हरेजच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं, 'मुळापर्यंत'. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला.

*

मग विहीर आटली. मल्लप्पा तळ खोदत होते. अमावस्येपर्यंत झरा लागला नाही तर बाग तोडायची, असं त्यांनी ठरवलं होतं. वेली वाळताना त्यांना बघवत नव्हतं. गंगाबाईंनी आमच्याकडून मूठभर कागद मागून घेतले. रोज संध्याकाळी एक कागद सुतळीला बांधून तळाच्या कपारीत सोडायच्या, सकाळी वर ओढायच्या. रोज पिवळाच निघायचा.

अमावस्येच्या सकाळी आम्ही पोचलो, तर मल्लप्पा कुऱ्हाड घेऊन पहिल्या वेलीपाशी उभे होते. विहिरीकडून गंगाबाई येत होत्या. कागदाची एक कड निळी झाली होती.

मल्लप्पांनी लांबूनच पाहिलं. "घाम असंल तुज्या बोटाचा," ते म्हणाले.

गंगाबाई जवळ आल्या. त्यांनी हात पुढे केला. हातात चुलीवरची सांडशी होती आणि कागद सांडशीत.