लडकूचं भांडण

धोंडीबाई मूळची मुरबाडकडची, खर्डीजवळच्या गावात नांदायला आलेली. तरणेपणीच नवरा गेला, पदरात एकुलता एक लडकू. तिने भात लावलं, नाचणी काढली, मुलगा वाढवला आणि कुणापुढे हात पसरला नाही. जिभेने मात्र भारी तिखट. गावात कुठे बांधावरून, गुरांवरून जुंपली, की ही कमरेला पदर खोचून मधे उभी. "आधी सांगा, कशावरून? मंग मारा एकमेकांना." भांडणारे सांगायला लागायचे, आणि सांगता सांगता निम्म्यांचा राग उतरायचा. बाई गोड बोलत नसे, पण गाव तिचं ऐकायचं.

तिच्या सासरच्या घराला एक जुनी रीत होती. घरातला कुणी भांडणात मारला गेला तर तो वीर. त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा, सणावाराला त्याला पहिला घास. पण बसवण्याआधी त्याचं भांडण मोठ्याने सांगायचं, कुणाशी होतं, कशावरून होतं. भगत पाटावर चिमूटभर तांदूळ टाकी आणि दाण्यांच्या जोड्या लावी. जोड्या पुऱ्या लागल्या की गेलेल्याला पटलं, एक दाणा उरला की सांगणारा चुकला. धोंडीबाईचा आजेसासरा बांधाच्या भांडणात कोयत्याचा वार लागून मेला होता. त्याचा टाक ती रोज पुसायची. आणि ज्याचं कुणाशी भांडण नसताना जीव गेला, वाघाने नेला, साप डसला, त्याला घरात जागा नाही. त्याचा दगड गावाबाहेर, रानाच्या तोंडाशी, वाघोबा देवापाशी.

आता लडकूचं ऐका. लढाई सुरू झाली तेव्हा शहापूरच्या बाजारात भरतीवाला साहेब आला होता. लडकूने त्याच्या शिपायांच्या पायातले बूट बघितले आणि झालं, पोरगा भरती होऊन घरी आला. जन्मात पायात वहाण नव्हती त्याच्या. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या बांधून दिल्या आणि खर्डी स्टेशनापर्यंत त्याच्यामागून चालत गेली.

बेचाळीस सालच्या थंडीत गावचे देवजी पाटील दारात आले, ओटीवर न बसता उभेच राहिले. लडकू आफ्रिकेत, वाळवंटात पडला होता. प्रेत नाही, राख नाही. धोंडीबाई रडली, अख्खं गाव ऐकेल अशी रडली. मग तोंड पुसून म्हणाली, "पाटील, लडकू लढाईत गेला. म्हणजे वीर. त्याला घरात घ्यायचा. भांडण कशावरून होतं ते सांगा."

पाटलांनी डोकं खाजवलं. भरतीच्या वेळी सरकारने सांगितलेलं त्यांना थोडं आठवत होतं. "जर्मनवाल्याने शेजारच्या देशात फौज घुसवली, वयनी. इंग्रजाने त्या देशाला शब्द दिला होता, की तुझ्या अंगावर कुणी आला तर आमी उभे राहू."

हे तिला कळलं. बांधावर असंच होतं. तिने वाडीवरच्या पोश्या भगताला बोलावलं, पाट मांडला, पाटलाने सांगितलं तसं सांगितलं. पोश्याने जोड्या लावल्या. एक दाणा उरला.

मग ती शाळेतल्या मास्तरांकडे गेली. त्या दिवसांत सिद्धगडच्या रानात इंग्रजाशी लढणाऱ्या पोरांवर गोळीबार होऊन गेलेला, 'सरकार' हा शब्द माणसं घरातसुद्धा हळू उच्चारत. मास्तरांनी आधी दार लोटलं. म्हणाले, "कुणी कुणाचा मुलूख बळकावू नये, सगळ्यांना मोकळं राहता यावं, म्हणून सरकार लढतंय. असं छापून आलंय." एवढं बोलून ते बिचारे खाली बघत बसले. तिने तेही पाटापुढे सांगितलं. पुन्हा एक दाणा.

शेवटी शहापूरच्या कचेरीत जाऊन व्हरांड्यात दिवसभर बसली. संध्याकाळी एक कारकून म्हणाला, "बाई, सरकारने लढाई पुकारली म्हणजे कारण असणारच. तुला काय करायचंय?"

"माझा लेक बाहेर उभा हाय," ती म्हणाली. कारकुनाला काय कळणार, कपाळ!

तिसऱ्यांदा पाट मांडला तेव्हा पोश्याने तांदूळ हातातच धरले. "धोंडीबाय, राग नको धरू. हे सगळं सरकारचं भांडण. लडकूचं काय होतं?"

काहीतरी रचून सांगणं तिला जड नव्हतं, आणि लेकाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण उभा जन्म ज्या बाईने दुसऱ्यांना 'कशावरून' विचारलं, तिला तिथे खोटं बोलवेना. देव्हाऱ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "माझ्या लडकूचं कुणाशीच भांडण नव्हतं. त्याला बूट हवे होते."

पोश्याने तांदूळ टाकले. जोड्या पुऱ्या लागल्या.

लडकूचा दगड वाघोबापाशी बसला. डाव्या हाताला सापाने डसलेली एक पोर, उजव्या हाताला पूर्वी वाघाने नेलेला एक गुराखी. धोंडीबाई रोज तिन्हीसांजेआधी पानावर भात घेऊन जायची आणि लेकाशी बोलत बसायची, भात कसा आला, कुणाची म्हैस व्याली. माणसं म्हणत, रडून रडून बाईची जीभसुद्धा निवली. खरंच निवली. गावात भांडणं लागली तरी ती ओटीवरून उठत नसे.

लढाई संपली. सरकार जिंकलं म्हणून शहापुराहून पेढे आले. देवजी पाटील घरोघर वाटत फिरले. धोंडीबाई घरी नव्हती, म्हणून तिच्या वाटणीचे दोन पेढे घेऊन ते रानाच्या तोंडाशी गेले.

"आपण जिंकलो, वयनी," ते म्हणाले, आणि त्यांनाच ते बोलणं कसंसं वाटलं.

तिने गुराख्याच्या दगडावरचा पाचोळा बाजूला केला. "याला वाघाने नेला, पाटील. वाघाला भूक लागली होती. ते आमाला कळतं. त्याच्या आईलाही कळलं असेल." मग तिने मान वर केली. "तुमच्या सरकारला काय झालं होतं?"

पाटील टोपी काढून तिच्याशेजारी मातीत बसले. भरतीच्या दिवशी दवंडी त्यांनीच पिटवली होती.

धोंडीबाईने त्यांच्या हातातले पेढे घेतले. एक साप डसलेल्या पोरीला ठेवला. दुसरा लडकूला, त्याला गोड आवडायचं म्हणून.