निळ्या काचेतला केळीचा गाभा

धाकटा दीर स्वीडनहून ट्रेनिंग संपवून आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी काचेचा बाऊल आणला. गडद निळा, बुडाशी विटेएवढा जाड, काचेच्या पोटात बुडबुडे अडकलेले. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये मी तो टीपॉयवर मांडला आणि हुकूम सोडला, "कुणी हात लावायचा नाही." भांडीवालीलाही बंदी. काय तो माझा तोरा! आज आठवलं तरी शिसारी येते.

त्यात मला एक काम हवं होतं. कॉलनीच्या संमेलनात स्टेजवरची फुलं कुणी मांडायची, हे मोठ्या साहेबांच्या बायको ठरवणार होत्या, आणि रविवारी त्या आमच्याकडे चहाला येणार होत्या.

बाऊल पसरट, त्यात दांडे उभेच राहीनात. मग माझी अक्कल धावली. सत्यनारायणाला केळीचे खांब लावतोच की आपण! असोद्याहून केळीचा खांब मागवला, आतल्या गाभ्याचा जाड तुकडा कापून बुडाशी दडपला आणि त्यात निशिगंध खोचला. वा, काय ऐट! सरावासाठी रोज फुलं बदलायची, वरून तांब्याभर पाणी ओतायचं. गाभा तसाच. दहा दिवस, आणि तेही भुसावळच्या मे महिन्यात.

घरात वास सुटला. मी ठासून सांगितलं, कूलरचा वाळा कुजलाय. बिचाऱ्या नवऱ्याने दोनदा कूलर घासला, वाळा नवा आणला. वास हलेना. निळ्या काचेतून आतलं काही दिसत नव्हतं, आणि मला तर काचेपलीकडे काहीच दिसत नव्हतं.

रविवारी साहेबीणबाई आल्या. "किती सुंदर काच!" म्हणाल्या आणि पदर नाकाला लावून दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. मी केळ्याचे वेफर्स पुढे केले. त्यांनी एकही उचलला नाही.

पारोळ्याहून आलेल्या सासूबाई आतून बाहेर आल्या. हवा हुंगली. "अवं, आठे काय मरेल शे?"

"आई, इथं काही मेलं नाही, कूलर आहे तो."

"कूलर! मन्हं नाक काय आंधळं शे का?" त्यांनी निशिगंधाची मूठ धरून वर ओढली. फुलांबरोबर गाभा आला. काळपट, शेंबडासारखा लोंबणारा, त्यात पांढऱ्या अळ्या वळवळताहेत. त्या चिकाची तार सुटून थेट वेफर्सच्या बशीत पडली.

साहेबीणबाई चप्पल न शोधताच अंगणात पोचल्या. फुलांचं काम शेजारणीला मिळालं. तिने स्टीलच्या घागरीत झेंडू खोचला आणि टाळ्या घेतल्या.

मला मात्र बाऊलमध्ये मनगटापर्यंत हात घालावा लागला. सासूबाई समोर वेताच्या मोढ्यावर बसून होत्या. "घास, घास. परदेशी शे ना!" तो बुळबुळीतपणा बांगड्यांखाली गेला. साबण, चिंच, राख, सगळं लावलं. तीन दिवस मी डाव्या हाताने जेवले.

बाऊल अजून आहे. नात विचारते, "आजी, यात फुलं ठेवू?"

"ठेव की," मी म्हणते, "पण रोज सकाळी आधी त्यात स्वतःचं नाक घालायचं."