न सुटणारा लाल

काचपट्टीखालून स्पिरिटच्या दिव्याची ज्योत फिरवत प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "उकळू द्यायचं नाही, नुसती वाफ यायला हवी." पट्टीवर माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमाचा, बेडका होता आणि त्यावर लाल रंग. मग त्यांनी आम्ल ओतलं. लाल पाणी वाहून गेलं, पट्टी जवळजवळ कोरी झाली. दारातून बघताना मला हायसं वाटलं.

"एवढ्यात नाही," बाई म्हणाल्या. "बाकीच्या जंतूंचा रंग आम्लाने निघतो. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणासारखा थर असतो. त्यात मुरलेला लाल सुटत नाही."

म्हणजे ज्या मेणाच्या आडोशाने तो शरीरात तग धरतो, तेच मेण त्याला काचेवर उघडं पाडतं.

बाहेर बाकावर सुमा पदरात तोंड खुपसून बसली होती. सासरी कळू नये म्हणून ती खडीसाखर गालात धरून खोकला गिळत आली होती. "धुळीचा त्रास आहे गं ताई," असं तिने इतक्यांदा म्हटलं होतं की मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

बाईंनी बाकीच्यावर निळा रंग चढवला, पट्टी वाळवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सकाळपासून मी मनात घोकत होते, काही दिसू नये. आता उलटंच वाटू लागलं. असेल तर दिसू दे. न दिसलेल्याला औषध कोण देणार?

भिंगाखाली पट्टी सरकवणारा बाईंचा हात थांबला. सुमा कधी माझ्या मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिलाही तो हात थांबलेला दिसला.

"ताई," पदराआडून ती म्हणाली, "आता मोकळं खोकलं तर चालेल ना?"