सगळ्यांच्या बाहेरचं फोल्डर

आमच्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक भागाच्या चाचण्या त्या त्या भागाच्याच फोल्डरमध्ये राहतात. दोन भागांचं एकमेकांशी जुळतं का, हे बघणाऱ्या चाचण्या मात्र कुठे ठेवायच्या, ते कळेना. शेवटी आज मी त्यांच्यासाठी सगळ्यांच्या बाहेर वेगळं फोल्डर केलं. पडद्यावर ते एकटंच दिसत राहिलं. दोन्हीकडचं सगळं त्याला ठाऊक, पण राहणं कुणाच्याच घरात नाही.

आईबाबांनी मला शिकवलं, ते उपकार फिटणारे नाहीत. पण हल्ली गावी गेलो की आई माझ्यासाठी पाहुण्यांची कपबशी काढते. संध्याकाळी फोनवर तिला म्हटलं, "आई, या वेळी आलो की मलाही तुमच्यासारखा पेल्यातच चहा दे."

ती म्हणाली, "तुला चालेल का रे?"