एक चादर कमी

खांडबाऱ्याच्या बाजारात तीजाबाईंनी चाळीस वर्षांत कुणाला माप विचारलं नाही. रेडिमेड ब्लाउज घ्यायला बाई दुकानाची पायरी चढली की यांनी तिला डोळ्यांनीच मोजलेलं असायचं. कुणी ठसक्यात "माले चौतीस दे" म्हणालीच, तर अडतीसचा समोर टाकून म्हणायच्या, "हाऊ ले. चौतीसमा घुसशी ते श्वास दुकानमाच ऱ्हाई जाई." बाई फणकारायची आणि न्यायची अडतीसच. अहो, या बाईचा अंदाज कधी चुकलाच नाही!

चुकला तो स्वतःच्या बाबतीत.

त्रेसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. दुकानात उंच स्टूल आलं, त्याचं काही वाटलं नाही. पण जैन स्थानकातल्या रोजच्या सामायिकाचं काय? अठ्ठेचाळीस मिनिटं, वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत, जमिनीवर आपल्या आसनावर शांत बसायचं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. मागच्या पर्युषणात त्या हट्टाने खाली बसल्या आणि उठता येईना. शेवटी दोघींनी काखेत हात घालून गव्हाच्या पोत्यासारखं उचललं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून भिंतीकडेची प्लास्टिकची खुर्ची. त्या दिवशी घरी येऊन त्या सुनेपाशी, रूपलपाशी, ढसाढसा रडल्या. "पुढच्या पर्युषणात मी खाली बसणार," त्या म्हणाल्या, "आणि कुणाचा हात न धरता उठणार."

आता नेमकी त्यांची धाकटी जाऊ भुरीबाई योगाच्या वर्गाला जायला लागली होती. आठ वर्षांनी लहान, अंगाने काटक. रोज बारा सूर्यनमस्कार घालायची आणि गावभर सांगायची. तीजाबाईंना कुठलं राहवतंय! दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या रांगेत. शिकवणारा म्हणाला, आजी, तुम्ही बसून करा. आजी! झालं, त्या एका शब्दापायी त्यांनी बाराच्या बारा घातले. तिसऱ्या दिवशी गुडघा असा सुजला की जिना उतरेना. मग शिकवणाऱ्याला शिव्या, फरशीला शिव्या, भुरीबाईला तर विचारूच नका.

गरम पाण्याची पिशवी देताना रूपल हळूच म्हणाली, "मम्मीजी, गिऱ्हाईक चौतीस मागतं तेव्हा तुम्ही देता का?"

सुनेकडून ऐकून घ्यायची तीजाबाईंना सवय नव्हती. पण धंद्यातलं खरं त्यांना लगेच कळायचं. त्या पोट धरून हसल्या.

सूज उतरल्यावर रूपलने रनाळ्याच्या रोहिणीताईंना बोलावलं. या घरोघरी जाऊन वयस्कर माणसांना योग शिकवायच्या. त्यांनी आधी डॉक्टरांचा कागद वाचला, तीजाबाईंना चालून दाखवायला लावलं आणि विचारलं, "तुम्हाला नक्की काय जमायला हवंय?"

"खाली बसायचं. आपलं आपण उठायचं."

"मग आपला योग तोच. बाकी आसनं ज्यांना हवीत त्यांना लखलाभ."

सुरुवात खुर्चीवरून झाली. हात न टेकता उठायचं, श्वास सोडत सावकाश बसायचं, दहा वेळा. मग भिंतीला धरून टाचा उचलायच्या, पाय लांब करून मांडी घट्ट करायची. खुर्ची जमली तेव्हा रोहिणीताईंनी दुकानाच्या कोपऱ्यातच तिथल्या जाड चादरींच्या घड्या करून गुडघाभर उंच गठ्ठा रचला. यावर बसायचं, यावरून उठायचं, आणि दर सोमवारी एक चादर कमी. दुखलं तर मुकाट्याने परत वर.

तीजाबाईंनी हा हिशेब धंद्यासारखा पाळला. आषाढात दोन चादरी परत चढवाव्या लागल्या, तेव्हा आठवडाभर तोंड फुगवून होत्या, पण चढवल्या. एकदा तर एका बाईला गठ्ठ्यातलीच लाल चादर आवडली. "ती विकायची नाही," तीजाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक परत गेलं, आणि यांना त्याचं काडीचं दुःख नाही!

पर्युषण आलं तेव्हा गठ्ठ्यात एकच चादर उरली होती, तीच लाल. पहिल्या सकाळी ती काखेत मारून त्या स्थानकात गेल्या. खुर्चीकडे पाहिलंही नाही. चादर घडी करून खाली, वर पांढरं आसन, आणि एक हात मांडीवर टेकून सावकाश खाली बसल्या. रूपलने वाळूचं घड्याळ उलटं केलं. अठ्ठेचाळीस मिनिटं गुडघा मधूनमधून कुरकुरला, मग तोही गप्प बसला.

वाळू संपली. रूपलने सवयीने हात पुढे केला. तीजाबाईंनी मानेनेच नको म्हटलं. एक गुडघा टेकला, दुसरं पाऊल पुढे रोवलं, श्वास सोडला आणि उभ्या राहिल्या. रूपलच्या डोळ्यांत पाणी आलं.

भुरीबाई धावतच आली. "भाभीजी, कमाल केलीत! आता एवढी एक चादर कशाला ठेवता? तीही काढून टाका."

तीजाबाईंनी वाकून चादर उचलली, झटकली आणि घडी करून काखेत घेतली.

"ऱ्हाऊ दे व बहीण," त्या म्हणाल्या. "मन्हं माप हाईच शे."