शॉर्टस्टॉप पाहिजे, गाडीसह

इथे बहारीनमध्ये आमच्या बेसबॉल टीमचा स्कोअर मी लिहिते. वहीत रकाने रनचे, आउटचे, चुकांचे. पण अर्धा सीझन झाला की समासात जागा उरत नाही, कारण तिथे मी या लोकांची वाक्यं टिपून ठेवते. रागाच्या भरात टिपते. नंतर वाचताना हसू येतं, तो भाग वेगळा. या वर्षी तर एका शॉर्टस्टॉपपायी वही दोनदा बदलावी लागली!

शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा. जमिनीवरून सरपटत येणारे सगळ्यात जास्त चेंडू त्याच्याकडे जातात. आमच्याकडे तिथे सुहेल होता. त्याला दुबईत नोकरी लागली आणि तिथे भोक पडलं. लीगचा नियम असा की सीझनच्या मध्यावर प्रत्येक टीमला एकदाच अदलाबदल करता येते. आपल्या यादीतलं एक नाव द्यायचं, दुसऱ्या टीमचं एक घ्यायचं.

आणि मला एवढी घाई कशाची, तर नाझीरभाईंची. आमचे कॅप्टन आणि पिचर. दापोलीकडचे, मनामात हार्डवेअरचं दुकान, दर मॅचला बाकावर माझ्यासाठी घरचे घावणे. उन्हाळ्यात ते कायमचे गावी चाललेत. नऊ सीझन चेंडू टाकतायत, सेमीफायनल एकदाही नाही. त्यांचा चेंडू कुणाला उंच मारता येत नाही, तो खालूनच जातो. आणि जातो कुठे? त्या भोकातून!

*

तात्पुरतं आम्ही वैद्यकाकांना तिथे उभं केलं. पुण्याचे, अकाउंटंट, वय बावन्न, उजवा गुडघा रुसलेला. एरवी ते पहिल्या बेसवर असतात, तिथे फारसं वाकावं लागत नाही.

पहिलाच चेंडू त्यांच्या दोन पायांमधून गेला. नाझीरभाईंची सवय अशी की काही हुकलं की पिचिंगच्या जागेवरून माझ्याकडे वळून ओरडायचं.

"काय लिवलंस गो बाय?"

"चूक!"

"कुणाची?"

"काकांची!"

काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "माझी कशी? चेंडू खालून गेला!"

"काका, जमिनीवरचा चेंडू खालूनच जातो!"

"मग तसं लिही ना!"

*

मी स्टॅटिस्टिक्स शिकलेय. माणसं अंदाजाने निवडू नयेत, एवढं तरी मला कळतं. तीन वीकेंड इतर टीमच्या मॅचेस बघत उन्हात बसले. एक तक्ता केला. पाच शॉर्टस्टॉप, प्रत्येकाकडे किती चेंडू आले, किती अडवले, किती वेळेवर पहिल्या बेसला पोचवले. बदल्यात काय देता येईल म्हणून आमच्या सगळ्या खेळाडूंचाही हिशोब त्यात मांडला. प्रामाणिकपणे. त्यावरून दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

अदलियाच्या एका कॅफेत मीटिंग झाली. मी तक्ता समजावून सांगितला. वीस मिनिटं सगळे गंभीर. मग वैद्यकाकांनी चष्मा काढला.

"यातल्या कुणाकडे सात सीटची गाडी आहे?"

"गाडीचा काय संबंध?"

"सुहेलच्या गाडीतून निम्मी टीम यायची. तो गेल्यापासून मी टॅक्सीने येतो. तुझ्या तक्त्यात तो रकानाच नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. चर्चेनंतर पहिला नंबर कुणाचा लागला? ज्याने अख्ख्या सीझनमध्ये तीन चेंडू अडवले होते त्याचा. गाडी मात्र नवी कोरी!

*

तो गाडीवाला म्हणजे प्रसाद. सांगलीचा, बँकेत. उम्म अल हस्समला फ्लॅट. मी म्हटलं ग्राउंडवर बोलवा, चार चेंडू टाकून बघू. नाझीरभाई म्हणाले, "आधी घरी जाऊन यावं. बरं दिसतं."

आम्ही सहा जण गेलो. प्रसादच्या बायकोने पोहे केले होते. मग सुरू झालं. मूळ गाव कुठलं, आई कुठली, भावंडं किती, सुट्टीला कधी जाता, तिखट चालतं का. पाऊण तास! आम्ही शॉर्टस्टॉप शोधत होतो की जावई, हे मलाच कळेना.

शेवटी मीच विचारलं, "तुम्ही डाव्या बाजूचा चेंडू कमी अडवता. त्याचं काही कारण?"

प्रसादने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "अहो, ह्यांना डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय."

आम्ही पोहे संपवून उठलो. लिफ्टमध्ये मी सगळ्यांकडे रागाने बघत उभी होते. तिसऱ्या मजल्यावर वैद्यकाका हळूच म्हणाले,

"पण माणसं चांगली आहेत!"

*

दुसरा उमेदवार काकांनी स्वतः आणला. ऑफिसातला, यंदाच एका टीमच्या यादीत नाव घातलेला, मुंबईत क्लब क्रिकेट खेळलेला. म्हटलं, निदान वाकेल तरी.

वाकला! काय वाकला! डावीकडे, उजवीकडे, आडवा पडून. आठ चेंडू, आठही हातात. नाझीरभाईंचे डोळे चमकले. माझंही पेन थांबलं.

एवढंच, की चेंडू अडवला की बॅटवाला धावत पोचायच्या आत तो पहिल्या बेसला फेकायचा असतो, तरच आउट. तिथे वैद्यकाका ग्लोव्ह लांब करून उभे होते. पठ्ठ्याने आठही चेंडू बॅटवाल्याच्या मागे उभ्या असलेल्या कॅचरकडे फेकले. विकेटकीपरकडे फेकतात तसे!

"पहिल्या बेसला!" मी ओरडले.

"सॉरी, सवय!"

नववा चेंडू. पुन्हा कॅचरकडे. आणि वर हात करून "हाउज दॅट!"

काका ग्लोव्ह काढून मैदानातून बाहेर आले. "मी तिथे कशाला उभा आहे, ते कुणी सांगेल का?"

*

तक्त्यात पहिला होता अर्नेल. फिलिपिनो, कॅप्टन रॉमीच्या टीमचा. दहातले नऊ चेंडू अडवणारा. तो पाहिजे असेल तर रॉमीला ते कळता कामा नये, हे मी नाझीरभाईंना तीनदा बजावलं. आधी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलायचं, बदल्यात तो काय मागतो ते बघायचं.

"समजलं गो. मी काय लहान आहे?"

झल्लाकच्या बीचवर लीगची पिकनिक होती. रॉमी मासे भाजत होता. नाझीरभाई सरळ त्याच्यापाशी गेले, खांद्यावर हात टाकला, आणि मला पंधरा पावलांवरून ऐकू आलं:

"माय फ्रेंड, युवर अर्नेल नंबर वन! वी वॉन्ट!"

मी धावत पोचेपर्यंत त्यांनी मोबाइल काढून माझा अख्खा तक्ता त्याला पाठवला होता. आमच्या खेळाडूंच्या हिशोबासकट!

"नाझीरभाई, ते गुप्त होतं!"

"गुप्त कशाला? एवढं चांगलं लिवलंयस, लोकांनी वाचूक नको?"

*

दोन दिवसांनी रॉमीचा निरोप आला. अर्नेल देतो. तक्ता वाचला, तुमचा एकही खेळाडू नको. तक्ता बनवणारी मुलगी द्या.

नियमाने स्कोअररचं नावही यादीत असतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात नव्हतं.

नाझीरभाईंनी अरबीतच नकार दिला, "मफी! खलास. विषय बंद."

मी त्यांच्या दुकानात जाऊन भांडले. "माझे रकाने भरा! चेंडू अडवले, शून्य. फेकले, शून्य. बदल्यात अर्नेल! याच्याहून चांगला सौदा कुठे मिळणार?"

"इंशाल्ला, बघू."

नाझीरभाईंचं इंशाल्ला म्हणजे नाही. त्यामुळे अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, गुरुवारी, फॉर्म मीच भरला आणि काउंटरवर बिजागऱ्यांच्या खोक्यावर ठेवला. ते गिऱ्हाइकाला स्क्रू मोजून देत होते. मोजणं तीनदा चुकलं. मग फॉर्मकडे न बघता सही केली.

"घावणे तिकडच्या बाकावर पाठवीन," एवढंच म्हणाले.

पुढे साखळीतली शेवटची मॅच नेमकी रॉमीच्या टीमशी आली. जिंकेल तो सेमीफायनलला. जुम्म्याच्या नमाजाआधी संपवायची म्हणून सकाळी लवकर सुरू झाली. मी रॉमीच्या बाकावर, मांडीवर वही, शेजारी घावण्यांचा डबा.

शेवटचा डाव. नाझीरभाई एका रनने पुढे, एक आउट बाकी, तिसऱ्या बेसवर आमचा, म्हणजे रॉमीचा, माणूस. बॅट फिरली आणि चेंडू खालून निघाला. सरळ त्या भोकाकडे.

अर्नेल वाकला. उचलला. फेकला. पहिल्या बेसवर वैद्यकाकांनी गुडघा विसरून अंग लांब केलं, ते आडवे पडले, आणि पडल्यापडल्या चेंडूसकट ग्लोव्ह वर केला. आउट!

"यात माझंही नाव लिही!"

मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. रॉमीच्या अख्ख्या बाकावर एकटी. रॉमी माझ्याकडे बघत राहिला.

नाझीरभाई सवयीने आमच्या जुन्या बाकाकडे वळले. थांबले. मग इकडे वळले.

"काय लिवलंस गो बाय?"

मी खाली बसून वही उघडली. पेन टेकवलं, पण रकानाच दिसेना.

"थांबा!" मी ओरडले. "लिहितेय!"