टुरिस गारी

माझा भाऊ टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये गाडी चालवायचा. बदलापुरात हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग शिर्डीलाही जातो का?" परक्यांचं सोडा, आमच्या आईच्या डोक्यातही तेच पक्कं बसलं होतं. कुणाच्या हळदीला बायका जमल्या की ती मोठ्या कौतुकाने सांगायची, "आमचा पोऱ्या टुरिस गारी चालवतं." दादा हे ऐकून पोट धरून हसायचा. मला मात्र तिडीक यायची. मी अंबरनाथच्या एका शाळेत गणित शिकवते, चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसणं मला जमत नाही.

एकदा मी आईला समोर बसवून सगळं समजावलं. बाजारात मिळते तशीच चार दरवाजांची गाडी असते. आतल्या सीट काढतात, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवतात, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस चिरडत नाही. मग अशा सगळ्या गाड्या एका बंद ट्रॅकवर पळवतात.

"मंग जायाचा कुठं असतं?" आईने विचारलं.

"कुठंच नाही. फिरून फिरून तिथंच यायचं."

आई उठून तांदूळ निवडायला गेली. त्यानंतर मी तो नाद सोडला.

दादा अंबरनाथ एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत मशीनवर होता. पहिली पाळी सुटली की शेअर रिक्षा पकडून थेट उल्हासनगर कॅम्प दोनला मामाच्या गॅरेजमध्ये. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. डेंटिंग-पेंटिंगपासून इंजिनपर्यंत सगळं करायचा आणि आयुष्य सिंधी दुकानदारांच्या शेजारी गेल्यामुळे गिऱ्हाइकापासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांना "साईं" म्हणायचा. दादाची रेसची गाडी त्यानेच उभी केली. अपघातात चेपलेली, मालकाने टाकून दिलेली सेडान होती ती. दोघांनी कितीतरी संध्याकाळी तिच्यावर घातल्या. चालवायला दादा शिकला तो आमच्याच शेतात. म्हणजे शेत तेव्हा आमचं राहिलं नव्हतं. बिल्डरने घेतलं होतं आणि इमारतींच्या आधी नुसते रस्ते टाकून ठेवले होते. आजोबा जिथे भात लावायचे तिथे दादा वळणं घ्यायला शिकला. आता तिथे टॉवर आहेत आणि वॉचमन आम्हाला आत सोडत नाही.

त्या हंगामाची शेवटची रेस तमिळनाडूत होती. शनिवारी एक, रविवारी एक. दक्षिणेतल्या एका मोठ्या टीमचा मालक दादावर बरेच दिवस नजर ठेवून होता. त्याचा एक ड्रायव्हर सोडून चालला होता. त्याने दादाला सरळ सांगितलं, दोन्ही रेसमध्ये पहिल्या तिघांत ये, पुढच्या वर्षी माझी गाडी चालव. गाडी त्यांची, टायर त्यांचे, वर पगार. दादाने हे गॅरेजमध्ये चहा पिताना सांगितलं तेव्हा मामाने नीट ऐकू यावं म्हणून ग्राइंडर बंद केला. दादाने तिशी ओलांडली होती. या खेळात लोक त्या वयाला थांबायला लागतात, तो अजून सुरू व्हायचा होता. पुन्हा असं कुणी विचारणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

निघायच्या दिवशी आई बदलापूरहून कॅम्प दोनला आली. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, आणि लोखंडी तारेत ओवलेल्या लिंबू-मिरच्या, दोन जोड. एक तिने स्वतः रेसच्या गाडीच्या पुढच्या बंपरला बांधला. दुसरा मामाच्या हातात दिला आणि बजावलं, "शनवारी बदलाचा. इसरू नको." गाडी टेम्पोवर चढवली, टेम्पोच्या चाकाखाली लिंबू चिरडलं, नारळ फुटला, शेजारच्या टायरवाल्या सिंधी काकांनी सगळ्यांना पेढे वाटले. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाशिंजर चांगलं बघून घ्या." मी हो म्हटलं.

शुक्रवारी ट्रॅकवर गाड्यांची तपासणी होती. तपासणी अधिकारी गाडीभोवती एक फेरी मारून बंपरपाशी थांबला आणि पक्कड मागून आईची लिंबू-मिरची त्याने तारेसकट कापून टाकली. ट्रॅकवर सुटी वस्तू पडली तर मागच्याच्या जिवावर बेतते, म्हणून लटकणारं काही चालत नाही. नियम बरोबरच होता. पण मामाचा चेहरा असा पडला, जणू त्याने कुंकूच पुसलं. "अरे साईं, इतनासा तो है," एवढंच तो पुटपुटला.

शनिवारी दादा तिसरा आला.

माझं काम ट्रॅकच्या भिंतीपाशी उभं राहून दर फेरीला दादाला फलक दाखवायचं. पुढचा किती पुढे, मागचा किती मागे, आणि फेऱ्या किती उरल्या. दर फेरीला दोन वजाबाक्या. शेवटच्या वळणावर एक गाडी त्याच्या दाराला घासून गेली, तरी त्याने आपली वाट सोडली नाही. रेस संपल्यावर टीमचा मालक स्वतः आमच्या तंबूत आला, दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कल भी ऐसा ही." दादा माझ्याकडे बघून लहान मुलासारखा हसला. मी त्याला इतकं खूश आधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

आम्ही आईला फोन लावला. तिसरा आला म्हटल्यावर तिने आधी विचारलं, "तिसरा का?" मग म्हणाली, "येवऱ्या लोकांनी बघितला ना त्याला? नजर लागंल. मामाला दे." मामा फोन घेऊन तंबूबाहेर गेला. आज शनिवार आहे, नवा जोड बांधलास का, हेच तिने विचारलं असणार. कारण मामाचं उत्तर मला ऐकू आलं. तो म्हणाला, "हाव बाय, बांदतंय ना. शब्द देतंय तुना." मला वाटलं, बहिणीची समजूत काढतोय. बांधणार कुठे? त्यांनी परत कापलंच असतं. मी फलकाचे आकडे पुसायला बसले आणि विषय डोक्यातून गेला.

रविवारी दादा पहिल्यापासून सुंदर चालवत होता. अर्धी रेस झाली तेव्हा दुसरा होता, आणि मागचा इतका मागे की मला फलकावर आकडा लिहिताना दोनदा तपासावा लागला. त्याला आता नुसतं शेवटपर्यंत पोचायचं होतं. मामा माझ्या शेजारी उभा होता आणि बोटं मोडत होता. मग समोरच्या सरळ पट्ट्यावर दादाची गाडी आली ती पांढरी वाफ सोडत. आणखी अर्धी फेरी त्याने कशीबशी ओढली. लांबच्या वळणावर गवतात गाडी थांबली. बाकीच्या गाड्या आमच्यासमोरून जात राहिल्या आणि मी हातात फलक धरून तशीच उभी होते. त्यावर फेऱ्या उरल्या तीन असं लिहिलं होतं.

गाडी ओढून आणल्यावर दादाने बॉनेट उघडलं. वाफेचा लोट बाहेर आला आणि त्यापाठोपाठ वास. मिरच्या जळल्याचा. लहानपणी ताप आला की आई आमच्यावरून मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची, तोच. आजूबाजूच्या तंबूंतले मेकॅनिक खोकायला लागले. दादाने हातमोजा घातला आणि रेडिएटरच्या पंख्यातून तार ओढून काढली. ती पात्यांत गुंडाळली गेली होती. एक पातं तुटून रेडिएटरमध्ये घुसलं होतं आणि सगळं पाणी वाहून गेलं होतं. तारेच्या टोकाला अर्धी मिरची अजून होती.

दादाने मामाकडे पाहिलं. मामा जमिनीवर बसलाच.

"भायेर बांदली असती तं कापून टाकली असती रं त्यांनी," तो म्हणाला. "म्हून आत बांदली, पंख्याच्या चौकटीला. तीन पीळ मारलं होतं. बायला शब्द दिलेला मी."

जन्मभर इंजिनं उघडत आलेल्या माणसाने फिरत्या पंख्याशेजारी तार बांधली होती. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण तो पन्नाशीचा माणूस तोंडावर हात ठेवून रडत होता.

तेवढ्यात टीमचा मालक येताना दिसला. दादाने तार मुठीत चुरगळली आणि खिशात टाकली.

"क्या हुआ?"

"फॅन टूट गया, सर."

त्याने वाकून पंखा पाहिला. "ड्रायविंग अच्छी है तुम्हारी," तो म्हणाला. "लेकिन गाडी की तयारी में कमी है. मुझे पूरा आदमी चाहिए, समझे?"

"हां सर. मेरी गलती है."

मी तोंड उघडणार होते. दादाच्या खिशातली तार काढून त्याच्या समोर धरावी, आमच्या गाडीत काही कमी नव्हतं असं ओरडून सांगावं, असं फार वाटलं. पण सांगणार काय? आमच्या आईच्या लिंबाने घात केला, म्हणून? तो मान हलवून निघून गेला. ती जागा एका दुसऱ्या मुलाला मिळाली, हे आम्हाला नंतर कळलं.

बदलापूरला पोचलो तेव्हा आई दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. दादावरून ओवाळून तिने तुकडा लांब फेकला. मग त्याचे हात, कोपर, मान, सगळं चाचपून पाहिलं. रेस मध्येच सुटली एवढंच मामाने तिला फोनवर सांगितलं होतं.

"गारी बंद परली तं परू दे," ती म्हणाली. "पोऱ्याला खरचटला पन नाय. लिंबान राखला माज्या पोऱ्याला."

माझं डोकंच फिरलं. "आई, त्या लिंबाने," एवढं मी बोलले आणि दादाने माझं मनगट असं आवळलं की हाडं दुखली. नंतर मी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना तो माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"तिला सांगितलंस तर मला बहीण नाही," तो म्हणाला.

"आणि तुझं जे गेलं ते?"

"माझं गेलं ना? मग तिचं कशाला घालवायचं?"

मला अजून राग येतो. आईचा येतो, मामाचा येतो, सगळ्यात जास्त दादाचा येतो, आणि तो कुठे काढायचा ते कळत नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. रेससाठी घेतलेल्या रजा जास्त झाल्या म्हणून कंपनीने दादाला उद्यापासून येऊ नको सांगितलं. गाडीतला लोखंडी पिंजरा मामाने स्वतःच ग्राइंडरने कापून काढला, पाइप भंगारात गेले. ते काम चालू असताना दादा गॅरेजबाहेर सिंधी काकांशी क्रिकेटवर बोलत बसला होता. त्यानंतर मामाने रेसचा विषय कधी काढला नाही. दादाने टुरिस्ट परमिटची गाडी घेतली. पिवळी पाटी, मागे सामानाला जागा. बदलापूर, अंबरनाथहून लोकांना विमानतळावर सोडतो, कधी शिर्डी करतो, कधी नाशिक. मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते. मागे बसलेल्या बाई म्हणाल्या, "भैया, जरा आराम से." तो आधीच आरामात चालवत होता. "जी मॅडम," म्हणाला आणि आणखी हळू केली.

आईला यात काही बदललं असं वाटत नाही. आताही हळदीत बायका जमल्या की ती तेच सांगते, पोऱ्या टुरिस गारी चालवतं. फरक एवढाच की आता दादा हसत नाही. मीही काही दुरुस्त करत नाही, उत्तर आता बरोबर आहे.

दर शनिवारी सकाळी आई लिंबू-मिरच्या घेऊन खाली उतरते. गुडघे दुखतात म्हणून बंपरपाशी हळूहळू बसते. जुना जोड काढून कोपऱ्यावरच्या रस्त्यात टाकते, नवा बांधते. दादा किल्ली हातात घेऊन बाजूला उभा असतो. मी शाळेला निघताना हे बघते. पिवळी पाटी लागल्यावरच्या पहिल्या शनिवारी आईने नवा जोड बांधायला घेतला तसा तो खाली वाकला. त्याने तो तिच्या हातातून घेतला, लिंबू आणि मिरच्या एकेक करून तारेतून काढल्या आणि तिच्या ओंजळीत ठेवल्या.

"तार नको, आये," तो म्हणाला. "दोऱ्यान ओव."

"का रं?" आईने विचारलं.

"असंच."

आई दोरा आणायला घरात गेली. दादा तार हातात धरून तिथेच उभा राहिला.